पाय दिसले नाहीत

तो माझ्या टेलिस्कोपच्या बरोबर समोर उभा राहून शेंगदाणे खात होता.

तारीख बारा जानेवारी १९९७, रविवार, सकाळचे सात पन्नास. जागा ओखल्याचा बांध, नोएडाची बाजू. शंभर मीटरपर्यंतचं दिसत होतं, तेही धुक्याच्या मर्जीवर. मी सव्वासहापासून तिथे उभी होते. पायाची बोटं अजून आहेत की नाहीत हे बघायला बूट काढावे लागले असते. समोर यमुनेचं पाणी, पाण्यात गाळाची एक उथळ पट्टी, त्या पट्टीवर काहीतरी येण्याची शक्यता... आणि मध्ये एक तपकिरी माकडटोपी.

"भाईसाब, थोडा साइड में होंगे?"

"सॉरी मॅडम, सॉरी." टोपी घाईघाईने माझ्या उजव्या हाताला सरकली.

तेवढ्यात धुकं ताकासारखं पातळ झालं.

"अरेच्चा," टोपी म्हणाली, चक्क मराठीत. "हा इकडे कुठे?"

गावचा शेजारी नवी दिल्ली स्टेशनवर अचानक दिसावा तसा सूर होता. मराठी माणूस भेटल्याचा आनंद मी पुढे ढकलला. "कोण? कुठे?"

त्याने शेंगदाण्याच्या पुडीने दिशा दाखवली. मी टेलिस्कोप वळवला आणि माझा श्वास तिथेच थांबला.

पट्टीच्या अलीकडे, पोटापर्यंत पाण्यात, एक पक्षी उभा होता. काळा आणि पांढरा, ठसठशीत. लांब सरळ चोच, गाजराच्या रंगाची. कालवफोड्या. हा समुद्रावरचा पक्षी, खडकाला चिकटलेली कालवं फोडून खाणारा. उबदार किनारा सोडून तो दिल्लीच्या थंडीत यमुनेत उभा होता, जिथे फोडायला नोएडाच्या नव्या टॉवरांची खडी तेवढी होती.

"बाहेर ये ना," मी कुजबुजले. "जरा पुढे ये. पाय दाखव, पाय..."

"मला म्हणताय?"

"नाही."

"मला बघू?"

मी त्याला वीस सेकंद दिली. मोजून. मग टेलिस्कोप परत घेतला. एकूण तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी धुकं पुन्हा दाटलं आणि पक्षी, पट्टी, पलीकडची क्रेन, सगळं गेलं.

"आमच्याकडे ह्याला..." त्याने सुरुवात केली.

"गप्प."

"अं?"

"एक शब्द बोलू नका. नाव नको, रंग नको, काहीच नको. तुम्ही दुसरे साक्षीदार आहात."

तो इकडेतिकडे बघू लागला. गुन्हा कुठे झाला ते त्याला शोधायचं होतं.

मी समजावून सांगितलं. आमचं यमुना पक्षी मंडळ आहे. भाऊसाहेब त्याचे अध्यक्ष, सर्व्हे खात्यातून निवृत्त. दुर्मीळ पक्ष्याची नोंद ते तेव्हाच मान्य करतात, जेव्हा दोन माणसांनी तो पाहिलेला असतो आणि दोघांनी अठ्ठेचाळीस तासांच्या आत, एकमेकांशी त्यावर एक अक्षर न बोलता, वेगवेगळं वर्णन लिहिलेलं असतं. भाऊसाहेबांचं म्हणणं, चर्चा झाली की पक्ष्याला नसलेली पिसं फुटतात.

"मग तुमच्याशी बोलू काय?"

"पक्षी सोडून काहीही."

"अच्छा," तो म्हणाला आणि मनापासून विचारात पडला. "चहा?"

बांधाच्या टोकाशी टपरी होती. तिथे कळलं की त्याचं नाव सुधन्वा बुरोंडकर, गाव हर्णै, आणि गेले पाच महिने तो कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात स्वागतकक्षावर असतो. कुणाला एसी खोली मिळते आणि कुणाला पंख्याची, हे तो ठरवत नाही, पण शिव्या त्यालाच मिळतात. इथे कशाला आला? तर बसमधून पुलावर कुरव दिसले म्हणून.

"कुरव म्हणजे?"

"कुरव माहीत नाहीत? पांढरे... नाही, रंग चालेल ना ह्यांचा? समुद्रावर असतात. ओरडतात."

"सी-गल."

"तेच. घरी खिडकीतून ऐकू यायचे. इथे पुलावर ऐकले आणि रविवारी उठून आलो." त्याने चहा फुंकला. "आमच्याकडे जानेवारीत माणसं सदऱ्यात असतात. वाळू गरम असते. आणि त्या वाळूवर हे तुमचे..."

"सुधन्वा."

"बरं, नाही बोलत."

पण माणसाला एखादा विषय वर्ज्य केला की सगळी भाषा त्याच विषयाकडे उतरते. चहावाल्याने विचारलं, काली बनाऊँ? सुधन्वाने माझ्याकडे बघितलं आणि परवानगी मागितल्यासारखी मान हलवली. बसमध्ये तो म्हणाला, सिग्नल पडलाय. कुठला, ते म्हणाला नाही. पुढच्या थांब्यावर चढलेल्या एका बाईच्या कडेवरच्या बाळाला लांब चोचीची टोपी होती. तो खिडकीबाहेर बघत बसला. हसू मात्र खांद्यांवरून कळत होतं. मयूर विहारला उतरताना मी फोननंबर दिला. साक्षीदाराचा पत्ता घ्यावाच लागतो. माझा द्यावा लागतो असं नियमात कुठे नाही.

आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढी का ताठले होते ते कळेल.

एमएस्सी झाल्यावर मी बाबांकडे पक्ष्यांसाठी एक वर्ष मागितलं होतं. बाबा कृषी भवनात. त्यांनी ते मुदतीसह मंजूर केलं. ३१ जानेवारीपर्यंत. त्यानंतर गुडगावच्या एका परदेशी शाम्पू कंपनीची प्रयोगशाळा तयार होती. काम: काचेच्या नळीत शाम्पू हलवायचा आणि फेसाची उंची मिलिमीटरमध्ये लिहायची. दुसरीकडे कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळी पाणपक्ष्यांची गणना सुरू होणार होती. साहाय्यकाची एक जागा, आणि भाऊसाहेबांच्या शिफारसपत्राशिवाय ती मिळणार नव्हती. पण भाऊसाहेब माझ्यावर रुसलेले. गेल्या वर्षी मी एक दुर्मीळ हंस नोंदवला होता. दिल्लीभरचे लोक पहाटे उठून आले. हंस एका बिल्डरच्या फार्महाउसमधून पळालेला निघाला. त्याचं नाव राजू होतं आणि तो पाव खायचा.

म्हणून हा पक्षी मला हवा होता. संध्याकाळी मी वर्णन लिहायला बसले. वेळ, अंतर, प्रकाश, पाठ, पोट, चोच... अर्ध्या पानात सगळं नीट बसलं. शेवटी 'पाय' आला आणि पेन थांबलं. रकाना रिकामा वाईट दिसत होता. शेजारी पुस्तक उघडंच होतं.

पाय: फिकट गुलाबी, असं मी लिहिलं आणि कागद घडी करून टाकला.

सोमवारी फोन आला. आई म्हणाली, "कुणी बुरोंडकर आहेत. पक्ष्याबद्दल बोलायचं नाहीये म्हणतात."

"मॅडम, विषय तो नाही," पलीकडून आवाज. "फक्त पद्धत विचारायची होती. निरीक्षण लिहितात कसं?"

"जे दिसलं ते. क्रमाने. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही."

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने.

"आणि दिसलं ते सगळं? काही गाळायचं नाही?"

"काहीही नाही."

"काहीही म्हणजे... काहीही?"

"सुधन्वा, आपल्याला कुठली ओळ महत्त्वाची ठरेल ते लिहिताना कळत नसतं. तुम्ही लिहा."

"बरं. मला सवय आहे तशी. आमच्याकडे सापडलेल्या वस्तूंची वही असते. पाहुणे खोल्यांत वस्तू विसरतात, मग प्रत्येकीचं वर्णन लिहायचं. पाच महिन्यांत एकोणीस मफलर झाले. एकोणीसही वेगळे दिसले पाहिजेत."

"मग तर तुम्ही उत्तम लिहाल," मी म्हणाले.

एकोणीस तारखेला भाऊसाहेबांच्या गच्चीवर मंडळाची बैठक भरली. मंडळ म्हणजे तिघं. भाऊसाहेब, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ममता मॅडम, आणि छावणीतले निवृत्त सुभेदार गुलाबराव. ममता मॅडम मूळच्या मेरठच्या, पण पंधरा वर्षं आमच्यात बसून मराठी कळायला लागलेल्या. टिपणं गुलाबराव वाचतात, कारण त्यांना एकच आवाज आहे, परेड ग्राउंडचा. तो शेजारच्या दोन सोसायट्यांना पुरतो.

माझं टिपण वाचून झालं. भाऊसाहेबांनी मान डोलावली. गेल्या वर्षभरात माझ्यासाठी डोलावलेली ती पहिली मान.

"आता दुसरा साक्षीदार," ते म्हणाले. सुधन्वा कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. टोपीशिवाय मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. केस अगदी... असो. ते ह्या टिपणात बसत नाही.

गुलाबरावांनी घसा साफ केला.

"दिनांक बारा, सकाळी सात त्रेपन्न. धुके. पक्षी एक. ऐंशी पावलांवर, पाण्यात. पाठ काळी, पोट पांढरं. चोच लांब, पिकल्या पपईच्या रंगाची. हर्णैच्या खडकांवर हे दर हिवाळ्यात येतात, लहानपणापासून पाहिले आहेत. ओळख पटली."

"छान," भाऊसाहेब म्हणाले.

"निरीक्षकाच्या डाव्या हाताला," गुलाबराव पुढे गरजले, "दीड मीटरवर एक मुलगी."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला दुर्बीण एकूण वीस सेकंद मिळाली. उरलेली तीन मिनिटं वीस सेकंद जवळचं जे दिसेल ते पाहिलं. राखाडी स्वेटर, डाव्या कोपरावर निळ्या लोकरीने दुरुस्ती. वेणी मफलरच्या आत, एक बट बाहेर, बटेवर दव. नाकाचा शेंडा लाल, पक्ष्याच्या चोचीपेक्षा फिका. आनंद झाल्यावर एका पायावर उभी राहते. श्वास रोखते, तोंडातली वाफ बंद होते त्यावरून कळलं. एकदा हसली, पक्ष्याकडे बघून."

"गुलाबराव जी," ममता मॅडम म्हणाल्या, "वो बट वाला पार्ट ज़रा फिर से."

गुलाबरावांनी तो भाग फिर से वाचला. शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या काकू कठड्यापाशी आल्या.

"सुभेदार, पुढे चला," भाऊसाहेब म्हणाले.

"आवाज हळू. 'बाहेर ये ना, पाय दाखव' असं तीन वेळा म्हणाली. पक्षी बाहेर आला नाही. पाय शेवटपर्यंत पाण्यात. दिसले नाहीत. खाली सही."

भाऊसाहेबांनी माझा कागद पुन्हा हातात घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"पक्ष्याबद्दल सहा ओळी, निरीक्षिकेबद्दल अकरा. ते मी बाजूला ठेवतो. तरुण माणूस आहे, वीस सेकंदांत भागणार नाही." मग ते थांबले. "पण आपल्या नदीवर पाणचिराही असतो. तोही काळा-पांढरा, त्याचीही चोच तशीच रंगीत. धुक्यात एवढ्या अंतरावरून मी चोचीच्या आकारावर जाणार नाही. पाणचिऱ्याचे पाय लाल, ह्याचे गुलाबी. म्हणजे सगळी मदार पायांवर. स्वरूपा, तू लिहिलंयस फिकट गुलाबी. कुठे पाहिलेस?"

मी सुधन्वाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आपण काय करून ठेवलं ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

धुक्यात क्षणभर दिसले, असं म्हणता आलं असतं. शाम्पूची नळी मला डोळ्यांसमोर दिसत होती, फेसासकट.

"पान एकशे बेचाळीसवर," मी म्हणाले.

भाऊसाहेबांनी त्या ओळीवर एक रेघ मारली. सरळ, पट्टीशिवाय. "नोंद प्रलंबित. एकतीस तारखेपर्यंत पक्षी पुन्हा दिसला आणि पाय दिसले तर बघू. पत्राचंही तेव्हाच बघू."

जिन्यात मी त्याला गाठलं.

"स्वेटरची दुरुस्ती कशाला लिहायची?"

"ओळखीची खूण लिहावीच लागते. नाहीतर माणूस नंतर ओळखणार कसा?"

"मी अतिथिगृहात विसरलेला मफलर आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "मफलर सापडला तर मी दुसऱ्या दिवशी विसरतो."

हे बोलल्यावर त्याचे कान लाल झाले. चोचीपेक्षा गडद.

"मला खरंच माहीत नव्हतं, पाय असे... तुम्ही म्हणालात काहीही गाळू नका. मी दोनदा विचारलं होतं."

ते खरं होतं. राग त्याच्यावर नव्हताच, पण त्या वेळी जिन्यात दुसरं कोणी नव्हतं.

"उद्या पावणेसात," मी म्हणाले. "बांधावर. तुमच्यामुळे गेला, तुम्हीच शोधा."

तो आला. पहिल्या बसने, स्टीलच्या डब्यात कांदेपोहे घेऊन. नऊला त्याला काउंटरवर पोचायचं असायचं, म्हणजे आमच्याकडे रोजचा दीड तास. थापट्या बदकं आली, तलवार बदकं आली, शेकाटे आले. त्यांची मराठी नावं मला त्याने शिकवली आणि दुर्बीण डोळ्याला कशी लावायची ते त्याला मी. शिकवताना खांद्याला खांदा लागतो. लावल्याशिवाय शिकवता येत नाही, मी प्रयत्न केला.

बुधवारी आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. आधी कोण, ते नोंदलेलं नाही.

सव्वीसला परेडच्या पाहुण्यांनी अतिथिगृह भरलं आणि तो आला नाही. त्या सकाळी मी सत्तेचाळीस प्रकारचे पक्षी मोजले. नेहमीपेक्षा नऊ जास्त. एकटीने काम जास्त होतं, हे सिद्ध झालं. घरी जाताना मात्र मला त्यातला एकही आठवत नव्हता.

सत्तावीसला तो पोह्यांसोबत बातमी घेऊन आला. "काल एक आमदार धोतर विसरून गेले. वर्णन काय लिहू? पांढरं, लांब."

"काठ लिही."

"काठ लिहिला. स्वरूपा..." तो दुर्बिणीतून बघत बोलत होता, म्हणजे मला त्याचे डोळे दिसत नव्हते. "पक्षी सापडला तर तू कोकणात जाणार. हो ना?"

"हो. हर्णैपासूनच सुरुवात आहे."

"आणि नाही सापडला तर गुडगाव."

"हो."

"गुडगावला इथून बस आहे. सव्वा तास लागतो. मी बघून ठेवलंय." त्याने दुर्बीण डावीकडून उजवीकडे नेली, सावकाश, मी शिकवली होती अगदी तशी.

"मग तू शोधतोयस कशाला?"

पलीकडे नव्या टॉवरची क्रेन एक विटांची पाटी वर नेत होती. ती चौथ्या मजल्यापर्यंत पोचली.

"तू फेसाची उंची मोजतेस असं डोळ्यांसमोर आणून बघितलं," तो म्हणाला. "दिसलं नाही. जे दिसत नाही ते लिहायचं नाही ना?"

मी पोह्यातली मिरची बाजूला काढली. मिरची तिखट नव्हती. तरी डोळ्यांत पाणी आलं.

अठ्ठावीसला नाही. एकोणतीसला नाही. तीसला धुक्यामुळे आम्हाला एकमेकांशिवाय काहीच दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर तक्रार दोघांनीही केली नाही.

एकतीसला, शुक्रवारी, मंडळच बांधावर हजर झालं. भाऊसाहेब काठी घेऊन. ममता मॅडम दोन शाली आणि एक थर्मास घेऊन. गुलाबराव कुजबुजायचा प्रयत्न करत होते, त्यामुळे बदकं दोनदा उडाली. सात चाळीसला सूर्य आला, म्हणजे धुक्यामागे एक फिकट बटण दिसू लागलं. मी टेलिस्कोप भाऊसाहेबांना दिला होता. माझ्या डोळ्याला दुर्बीण, उजवीकडे सुधन्वा, हातात शेंगदाणे.

आठ वाजून चार मिनिटांनी तो म्हणाला, "आला."

नेहमीच्या आवाजात. शेजारी भाजी घेऊन परत आल्यासारखा.

पक्षी गाळाच्या पट्टीच्या टोकाशी उतरला होता. छातीपर्यंत गवतात. काळा, पांढरा, आणि ती चोच. आता फक्त चार पावलं पुढे. पाय दाखव, पाय... ह्या वेळी मी तोंड घट्ट मिटून घेतलं. पक्ष्याने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

आणि माझ्या उजव्या कानाशी काहीतरी कमी झालं.

मी वळून बघितलं. सुधन्वाच्या तोंडातली वाफ बंद झाली होती. शेंगदाण्याची पुडी छातीशी धरलेली, टोपी मागे सरकलेली. त्याने श्वास रोखला होता. हा पक्षी त्याने शेकड्यांनी पाहिला होता, लहानपणापासून, चपला हातात घेऊन. त्याला ह्याचं काय नवल? तो रोखलेला श्वास माझ्यासाठी होता. ज्या पक्ष्याने मला हजार मैलांवर नेलं असतं, त्याने पुढे यावं म्हणून तो जीव मुठीत धरून उभा होता. पापण्यांवर दव. हनुवटीवर शेंगदाण्याचं एक साल.

मग त्याने श्वास सोडला. वाफ मोठी होती, आमच्या दोघांच्या मध्ये थोडा वेळ राहिली. तो माझ्याकडे वळून हसला. "दिसले ना?"

मी पुन्हा दुर्बीण लावली. पक्षी उडाला होता. पाण्यावरून दक्षिणेकडे, खाली, सरळ.

"कोणी बोलायचं नाही," भाऊसाहेबांनी हुकूम सोडला. त्यांनी खिशातून पाच कोरी पोस्टकार्डं काढली आणि प्रत्येकाला एकेक दिलं. "इथेच लिहा. एकमेकांकडे पाठ करून."

आम्ही पाच जण बांधावर पाच दिशांना तोंड करून उभे राहिलो. सकाळी फिरायला आलेले एक गृहस्थ हे बघून परत फिरले.

मी वेळ लिहिली. अंतर लिहिलं. चोच लिहिली. मग पाय आले. सगळ्यांनी काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. पान एकशे बेचाळीसही पाठ होतं. पेन थांबलं... पण ह्या वेळी फार नाही.

कार्डं गोळा झाली. वाचायला अर्थातच गुलाबराव. भाऊसाहेबांचं: पाय गुलाबी. ममता मॅडमचं: गुलाबी, साफ़ दिखे. गुलाबरावांचं स्वतःचं: पाय दोन, गुलाबी. सुधन्वाचं: पाय फिकट गुलाबी, उकडलेल्या कोळंबीसारखे.

"स्वरूपा निमकर," गुलाबरावांनी नदीपार ऐकवलं. "आठ वाजून चार मिनिटं. पक्षी तोच. चोच सरळ. पाय दिसले नाहीत. निरीक्षिका त्या वेळी उजवीकडे बघत होती."

उजवीकडे काय होतं, ते सगळ्यांनी बघितलं. उजवीकडच्याने शेंगदाण्याची पुडी खाली टाकली.

"उजवीकडे किती वेळ?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"पूर्ण वेळ," मी म्हणाले. कान इतके गरम झाले होते की थंडीचं काही वाटेना.

भाऊसाहेबांनी काठी बगलेत धरली. "चार साक्षीदार, चारही गुलाबी. नोंद पक्की. पाचवी साक्षीदार..." त्यांनी शब्द शोधला, "कामाशिवायच्या दिशेला." मग कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला.

पत्र टंकलिखित होतं. वर तारीख एकोणीस जानेवारी.

"पण त्या दिवशी तर तुम्ही..."

"जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणून सांगेल, अशी साहाय्यक गणनावाल्यांना हवी होती. एकशे बेचाळीस म्हणालीस, त्याच संध्याकाळी टाइप केलं. म्हटलं, पक्षीही शोधू दे. दोघं रोज येताय असं कानावर आलंच होतं." ते थर्मासकडे वळले. "मॅडम, चहा आहे का त्यात, की नुसता वजनाला आणलाय?"

मंडळ चहाभोवती जमलं आणि मुद्दाम आमच्याकडे पाठ करून उभं राहिलं. शिस्तीत, तिघंही.

"म्हणजे जाणार तू," सुधन्वा म्हणाला.

"दहा तारखेला."

"आईला लिहितो. दुर्बीणवाली येईल म्हणून. ती तुला मासे खायला घालून मारेल." त्याने पुडी उचलली, झटकली. "उजवीकडे... म्हणजे नक्की..."

"गप्प," मी म्हणाले. "एक शब्द बोलू नकोस. अठ्ठेचाळीस तास. दोघांनी वेगवेगळं लिहायचं. रविवारी सकाळी जुळवून बघू."

"काही गाळायचं नाही?"

"काहीही नाही."

बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि एवढंच म्हणाले, "मग फेस कोण मोजणार?" ती मंजुरी होती.

रविवारी, दोन फेब्रुवारीला, आठ वाजता मयूर विहारच्या बसस्टॉपवर आम्ही कागद बदलले. त्याचे चार कागद होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. स्वेटर पुन्हा होता, वेणी होती, मिरची बाजूला काढताना भरलेले डोळे होते. मला वाटलं होतं ते त्याने पाहिले नाहीत. शेवटी लिहिलं होतं: मार्चमध्ये पंधरा दिवसांची रजा मागितली आहे. वहीच्या नियमाप्रमाणे मालकी सांगायला कोणी आलं नाही, तर सापडलेली वस्तू ज्याला सापडली त्याच्याकडे... आणि 'वस्तू' खोडून त्याच्यावर बारीक अक्षरात, 'वस्तू नाही, माफ कर, पण नियम तोच'.

माझा एकच कागद होता. त्याने तो उलटा करून बघितला.

"एवढंच?"

"वाच तर."

अकरा सकाळी पाहिला. अंतर दीड मीटर, शेवटी त्याहून कमी. ओळख पटली. शंका नाही.

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग टोपी काढली, कागदाची घडी टोपीत ठेवली आणि टोपी डोक्यावर घातली, कानांपर्यंत ओढून. त्याची बस आली. कंडक्टरने हाक मारली, तो जागचा हलला नाही. माझा हात त्याच्या कोटाच्या खिशात होता, शेंगदाण्याच्या सालांमध्ये, आणि तिथे ऊब होती.

त्यानंतर त्याच्या रस्त्याच्या तीन बस आल्या आणि गेल्या. तीनच. मी मोजल्या.